तेरावा महिना

मत्रहच्या बंदराकडे पाठ करून माझं टेबल,
हृदयविभागाचा तिसरा मजला, एसीचं पाणी बादलीत.
समोर यादी. एकशे बेचाळीस माणसं,
ज्यांच्या काळजाची लय सुटलेली
आणि त्याच काळजाच्या नळीत जाळी बसवलेली.

माझं काम फोन करायचं.
पहिल्या महिन्यात, सहाव्यात, बाराव्यात.
छातीत दुखलं का? तोंड वाकडं झालं का?
कुठून रक्त आलं का?
आणि चौकटीत खूण.

डॉक्टर बलूशी फळ्यावर काढून दाखवतात :
जाळी म्हणते, रक्त गोठू देऊ नका, मी बुजेन.
थरथरता कप्पा म्हणतो, गोठू देऊ नका,
मी गुठळी सोडेन मेंदूकडे.
दोघांच्या गोळ्या वेगळ्या.
दोघांचंही ऐकावं, तर जठर म्हणतं, मग मी वाहतो.
तीन गोळ्या किती दिवस, दोन किती,
एकीवर कधी यायचं,
एवढ्या एका वाक्यासाठी ही सगळी यादी.

एकशे सतराला फोन मराठीत लागतो.
गफूर सारंग, एकसष्ट, टगबोटीवर इंजिनमन,
गाव दाभोळच्या खाडीपलीकडचं.
त्याला हे गोळ्यांचं सांगितलं तर हसला.
"तेल कमी पडलं तर जाम, जास्ती झालं तर गळती.
यात नवीन काय, सिस्टर?
पण माजं इंजिन एक ठोका गिळतंय
आणि मागून दोन ओकतंय, त्याचं बोला."

सहाव्या महिन्यात बोलला दबून.
हिरडीतून येतं सकाळी. उशीवर डाग.
न्हाव्यानं तुरटी घासली, तरी हनुवटी ओलीच.
"पण लिहू नका. पुढच्या म्हयन्यात कंपनीचं मेडिकल हाय."
मी लिहिलं : रक्तस्राव, प्रकार एक,
दखल घेण्याजोगा नाही.
खोटं नव्हतं. नियमपुस्तकात अगदी असंच आहे.
तरी पेन खाली ठेवून
मी थोडा वेळ बादलीत पडणारे थेंब मोजले.

बारावा महिना. फोन बंद.
नियम आहे, तीनदा करावा, वेगवेगळ्या वारी.
मी सातदा केला.
आठव्यांदा उचलला खोलीतल्या कुणा पोरानं,
"चाचा गया", म्हणाला, आणि ठेवून दिला.

गया.
आपल्याकडेही गेला म्हणजे दोन्ही.
चौकटी मात्र दोन आहेत, एकमेकींना चिकटून :
मृत्यू. संपर्क तुटला.
मी दोन्हींच्या मधल्या रेघेवर पेन टेकवलं,
शाई पसरली थोडी.
मग दुसरीत खूण केली,
आणि फाईल कपाटात.

अठरा दिवसांनी टेबलावरचा फोन वाजला.
लांबचा आवाज, मागे कोंबडी, कुणीतरी भांडी घासतंय.
"सिस्टर, मी सारंग. मेडिकलात नापास केलं, धाडलं घरी.
काल कालवं फोडताना बोट कापलं,
अर्धा तास थांबंना.
मनात आलं, तुमच्या यादीला लागंल."

गोळ्या?
"दोन बंद झाल्या. एक हाय.
ती दिवसाआड घेतो. म्हाग हाय."
एवढं सहज, जसं साखर कमी घालतो चहात.

दिवसाआड नाही, मी म्हटलं, रोज.
दिवसाआड म्हणजे एक दिवस झाकलेला, एक उघडा.
पलीकडे काहीच बोलणं नाही.
मग, "बरं. कोणता दिवस उघडा टाकू नये,
ते तुमी फोन करून सांगत जा."

आमच्या फॉर्मवर तेराव्या महिन्याला चौकट नाही.
तेरावा आपल्याकडे दुष्काळातच येतो.
मी फाईल काढली, खूण खोडली,
समासात लिहिलं : जिवंत. बोट कापलेलं. गोळी दिवसाआड.

डॉक्टर म्हणाले, समासातलं मोजत नाहीत.

मी मोबाईलमध्ये गजर लावला आहे,
तिथल्या रात्री साडेआठचा.